वॉरंटीची नोंदणी : हक्क की मेहेरबानी?

मुलगा बंगळूरला नोकरीस आणि आईबाप जिल्ह्याच्या गावी. दोघेही सत्तरीच्या आसपास. घर जुने, मागे परसदार, आणि शेजारच्या दोन घरांना वर्षभर कुलूप. दिवाळीला मुलगा एक खोके पाठवितो. त्यात चार कॅमेरे, एक रेकॉर्डर, दाराखिडक्यांना चिकटवावयाचे सेन्सर, आणि रात्री कोणी कडी उचकटली तर गल्ली जागी करील असा भोंगा. अशी घरे आज कोणत्याही तालुक्याच्या गावी दाखविता येतील. खोक्याच्या तळाशी गुळगुळीत कागदाचे एक कार्ड असते. मोबाइल त्यावर धरला की अर्ज उघडतो. तीस दिवसांत नोंदणी करावी आणि वॉरंटीचा लाभ घ्यावा, अशा अर्थाचे वाक्य त्याच्या माथ्यावर असते.

‘लाभ’ हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

अर्जात खरेदीदाराचे नाव, मोबाइल, ई-मेल, जन्मतारीख, राहता पत्ता, दुकानाचे नाव, खरेदीची तारीख, किंमत आणि बिलाची छायाप्रत मागितलेली असते. वडील चष्मा पुसून आपले नाव लिहितात; पण बिल मुलाच्या नावाचे, आणि तेही मुलाच्या ई-मेलवर. भेट देताना किमतीची चिठ्ठी फाडून टाकावी ही आपल्याकडची जुनी रीत. मुलाने ती पाळलेली असते. आता आई फोन करते, ‘अरे, ते केवढ्याला घेतलंस? बिल पाठव.’ तो म्हणतो, ‘राहू दे गं, बघतो मी.’ तो बघत नाही, कारण त्यालाही बारा तासांची नोकरी आहे. तीस दिवस निघून जातात.

मग आषाढात भोंगा बंद पडतो. वॉरंटी एक वर्षाची आहे, वर्ष व्हावयाचे आहे, वस्तू फुटलेली नाही की कोणी उघडलेली नाही. कंपनीच्या क्रमांकावर फोन केला असता पलीकडची मुलगी अदबीने सांगते की मूळ खरेदीदाराने मुदतीत नोंदणी केलेली नाही, सबब दुरुस्तीचा खर्च भरावा लागेल. त्या मुलीवर संतापण्यात अर्थ नसतो. तीही कंत्राटावरच असते आणि समोरच्या पडद्यावर लिहिलेले वाचून दाखविण्यापलीकडे तिला काही अधिकार नसतो. संतापावयाचे ते ज्यांनी ते वाक्य लिहिले त्यांच्यावर. आणि त्यांचा दूरध्वनी क्रमांक कोणत्याही कार्डावर छापलेला नसतो.

हजार-दोन हजारांच्या भोंग्यासाठी पक्षाच्या साप्ताहिकाची पाने कशाला खर्चावयाची, असे काही वाचकांच्या मनात येईल. प्रश्न भोंग्याचा नाही. ज्याची किंमत आगाऊ घेतलेली आहे अशी एक जबाबदारी कारखानदार कोणत्या युक्तीने परत ग्राहकाच्या गळ्यात घालतो, हा प्रश्न आहे. ती युक्ती इतकी साधी, इतकी सभ्य आणि इतकी सर्वत्र पसरलेली आहे की तिच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

वॉरंटी म्हणजे काय, हे आधी अर्थशास्त्राच्या भाषेत पाहिले पाहिजे. जॉर्ज अकर्लॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. त्याच कामासाठी त्याला २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. विकणाऱ्याला वस्तूचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. या विषमतेमुळे वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावू शकतो. या रोगावर बाजाराने काढलेल्या उपायांत अकर्लॉफने हमीची गणना केली आहे. हमी दिली की वस्तू बिघडण्याची जोखीम घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे जाते. ज्याला वस्तूची माहिती अधिक, त्याने जोखीम उचलावी, हा न्याय त्यात आहे. ही जोखीम उचलण्याचा खर्च कारखानदार पदरचा करीत नाही. किती नग बिघडतील याचा अंदाज बांधून तो प्रत्येक नगाच्या किमतीत तो खर्च मिळवितो. म्हणजे वॉरंटी ही विकत घेतलेली गोष्ट आहे. दिवाळीत मुलाने जे पैसे मोजले त्यात भोंग्याच्या एका वर्षाच्या दुरुस्तीचे पैसे आधीच होते.

आता नोंदणीची अट घाला. शंभर नगांच्या दुरुस्तीचे पैसे घ्यावयाचे, आणि ज्यांनी कार्ड वाचले, अर्ज भरला, बिल जोडले, मुदत पाळली, तेवढ्यांचीच दुरुस्ती करावयाची. बाकीच्यांनी भरलेला पैसा नफ्यात जमा. जोखीम विकणाऱ्याकडे गेली असे दाखवून ती मागील दाराने परत घेणाऱ्याच्या ओसरीवर आणून ठेवली, आणि वर त्याला सांगितले की निष्काळजीपणा तुमचाच. विमा कंपन्यांचा हा खेळ शेतकऱ्याला फार जुना ठाऊक आहे; ७२ तासांत नुकसानीची सूचना दिली नाही म्हणून पीकविम्याचा दावा फेटाळला गेल्याचे अनुभव गावोगाव ऐकू येतात. शहरातल्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात तो आता खोक्यातून येऊन पोहोचला आहे, एवढेच.

भेट मिळालेल्या वस्तूच्या बाबतीत ही युक्ती उघडी पडते. विकत घेणारा माणूस अर्ज भरावयास विसरला तर त्याला आळशी म्हणून मोकळे होता येते. भेट घेणाऱ्याला तसे म्हणता येत नाही. त्याला अर्ज भरावयाचा आहे, पण अर्जच त्याला ओळखावयास तयार नाही. वस्तू कोणाच्या घरात आहे, कोण वापरते, कोणाचे संरक्षण व्हावयाचे आहे, याच्याशी कंपनीला कर्तव्य नाही. तिला फक्त पाकीट ओळखू येते. आणि भेट ही तर बाजाराबाहेरची गोष्ट. लग्नामुंजीत आहेराची वही असते, तीत कोणी काय दिले हे लिहून ठेवतात. पण ती वहीसुद्धा माणसामाणसांतील देण्याघेण्याची आठवण ठेवण्यासाठी असते. कंपनीच्या वहीत त्या नात्याला रकाना नाही.

‘तुम्ही विकत घेतले नाही, तेव्हा तुमचा आमचा संबंध नाही’ हा पवित्रा नवा नव्हे. इंग्रजी कायद्याने तो दीर्घकाळ जपला होता, आणि तो मोडून काढण्याचे श्रेय एका दुकानात काम करणाऱ्या गरीब बाईकडे जाते, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असावयास हवे. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधील पेस्ली या गावी मे डॉनह्यू ही बाई मैत्रिणीबरोबर एका उपाहारगृहात गेली. पैसे मैत्रिणीने दिले. डॉनह्यूबाईंनी जिंजर बियर प्यावयास घेतली. बाटली गडद रंगाची, आतले दिसत नव्हते. उरलेले पेय ओतताना बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, अशी त्यांची तक्रार होती. त्या आजारी पडल्या. दाद कोणाकडे मागावयाची? उपाहारगृहाशी त्यांचा करार नव्हता, कारण पैसे मैत्रिणीचे. कारखानदाराशी तर मैत्रिणीचाही करार नव्हता. थोडक्यात, मैत्रिणीने दिलेली भेट ही त्यांच्या हक्काच्या आड आली. खटल्याचा खर्च झेपत नाही म्हणून निर्धन पक्षकार या नात्याने त्या लॉर्ड्स सभागृहापर्यंत गेल्या, आणि १९३२ साली तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. ज्याच्या हाती माल पोहोचणार आहे हे कारखानदाराला कळावयास हवे, त्याच्याविषयी काळजी घेण्याचे कर्तव्य त्याच्यावर आहे. मग पैसे कोणी का मोजलेले असोत, असे लॉर्ड ॲटकिन यांच्या निकालपत्राचे सार आहे. हा निकाल इजेविषयी होता, बाटली बदलून मिळण्याविषयी नव्हता, हे खरे. त्याचा आधार घेऊन बंद भोंगा दुरुस्त करून मिळणार नाही. पण ‘तुम्ही खरेदीदार नाही’ या सबबीचा पाया त्याने खचविला, हे कोणालाही नाकारता येणार नाही.

भारतीय कायदा त्याच्याही पुढे गेलेला आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘ग्राहक’ या शब्दाची व्याख्या करताना पैसे देऊन वस्तू घेणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाऱ्यालाही ग्राहक मानले. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. त्याच्या कलम २(७) मध्येही तीच तरतूद आहे. मुलाने कॅमेरे विकत घेतले आणि आईबाप ते मुलाच्या संमतीने वापरतात. संसदेच्या दृष्टीने आईबाप ग्राहक आहेत. कंपनीच्या कार्डाच्या दृष्टीने नाहीत. संसद मोठी की कार्ड मोठे, असा हा सरळ प्रश्न आहे. आणि आज व्यवहारात त्याचे उत्तर कार्डाच्या बाजूने दिले जाते, कारण कार्ड खोक्यात असते आणि कायदा नसतो.

‘मर्यादित वॉरंटी’ हे शब्दही या कार्डांवर सर्रास आढळतात. ते आले कोठून? अमेरिकेत १९७५ साली वॉरंटीविषयी एक केंद्रीय कायदा झाला. मॅग्नसन आणि मॉस या दोन लोकप्रतिनिधींच्या नावाने तो ओळखला जातो. लेखी वॉरंटी ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’ हे स्पष्ट लिहिले पाहिजे, असे त्याने बजावले. ‘पूर्ण’ म्हटले की नोंदणीचे कार्ड पाठविण्याची अट घालून हक्क अडविता येत नाही, आणि वॉरंटीच्या मुदतीत वस्तू ज्याच्याकडे गेली त्यालाही तो हक्क मिळतो. कारखानदारांनी यातून एकच धडा घेतला. ‘पूर्ण’ हा शब्द टाळावयाचा आणि ‘मर्यादित’ लिहून मोकळे व्हावयाचे. हक्क वाढविण्यासाठी केलेल्या कायद्यातून त्यांनी हक्क आखडण्याचा शब्द उचलला. भारतात असा भेद करणारा कायदाच नाही. तरी तो शब्द मात्र जहाजाने आलेल्या मालाबरोबर येथे उतरला आणि येथील ग्राहकाला दटावू लागला!

कंपन्यांच्या बाजूनेही काही सांगितले जाते, त्याचा विचार करणे उचित होईल. नोंदणी नसेल तर बनावट माल खपवून लोक आमच्याकडून दुरुस्त करून घेतील, असे ते म्हणतात. पण प्रत्येक नगावर अनुक्रमांक कोरलेला असतो. तो कारखान्यातून कधी सुटला, कोणत्या वितरकाकडे गेला, याची नोंद कंपनीच्या संगणकात असते. कॅमेरा तर घरात लावल्या क्षणी इंटरनेटवरून आपल्या मालकाला, म्हणजे कंपनीला, आपण सुरू झाल्याची वर्दी देतो. ज्या यंत्राची जन्मवेळ, जन्मगाव आणि पहिला श्वास कंपनीला ठाऊक आहे त्याच्या वयाचा दाखला एका म्हाताऱ्या माणसाने बिलाच्या छायाप्रतीने द्यावयाचा, यापरता विनोद कोणता? दुसरे समर्थन असे की एखादा सदोष माल परत मागवावयाचा झाला तर ग्राहकाचा पत्ता हवा. हे समर्थन प्रामाणिक आहे. पण मग नोंदणी ऐच्छिक ठेवा आणि तीसाठी मोबाइल किंवा पत्ता यांपैकी एक काहीतरी मागा. जन्मतारीख कशाला? जन्मतारखेवरून भोंगा का बिघडला हे कोणत्या तंत्रज्ञाला कळते?

येथे नोंदणीचे दुसरे, आणि आज कदाचित पहिले, प्रयोजन पुढे येते. जुन्या पंख्याच्या वा रेडिओच्या वॉरंटी कार्डावर माणूस नाव-पत्ता लिहून ते टपालात टाकी. ते कार्यालयातल्या कपाटात पिवळे पडे. आजच्या अर्जातील प्रत्येक रकाना विक्रीयोग्य माल आहे. त्यातही घराच्या संरक्षणाच्या यंत्रणेचा अर्ज निराळा. त्यावरून घराचा पत्ता कळतो, दारे किती ते सेन्सरांच्या संख्येवरून कळते, घरात कोणत्या वयाची माणसे आहेत ते जन्मतारखेवरून कळते, आणि पैसे पाठविणारा मुलगा परगावी आहे हे बिलावरील पत्त्यावरून कळते. पूर्वी ही टेहळणी करण्यासाठी चोराला चार दिवस गल्लीत भांडी कल्हई करीत बसावे लागे. आता घरमालक ती स्वहस्ते लिहून देतो, आणि वर खालच्या चौकटीत ‘मला मान्य आहे’ अशी खूण करतो.

हे भय काल्पनिक नाही. ॲमेझॉनच्या मालकीच्या ‘रिंग’ या घरगुती कॅमेऱ्यांच्या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने मे २०२३ मध्ये तक्रार दाखल केली. ग्राहकांच्या घरातील खाजगी चित्रणे कंपनीच्या नोकरांना व कंत्राटदारांना पाहता येत होती, आणि एका नोकराने स्त्रियांच्या खाजगी खोल्यांतील हजारो चित्रणे पाहिली, असा आरोप तीत होता. ५८ लाख डॉलर भरण्याचे कबूल करून कंपनीने प्रकरण मिटविले. चोराला बाहेर ठेवण्यासाठी घेतलेल्या यंत्राने परक्या माणसाला थेट निजघरात आणून बसविले. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत केला. संमती मुक्त व बिनशर्त असावी, आणि ठरलेल्या प्रयोजनाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती ती मर्यादित राहावी, असे त्याचे सहावे कलम म्हणते. त्याचे नियम यावयास नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने लागू करण्यास आणखी दीड वर्षाची सवड देण्यात आली. नफ्याच्या बाबतीत एक दिवस न थांबणाऱ्यांना सचोटीसाठी अठरा महिने! मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावले होते की मोबाइल क्रमांक दिल्याशिवाय बिल देणार नाही असे म्हणणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मग मोबाइल क्रमांक दिल्याशिवाय वॉरंटी देणार नाही हे म्हणणे उचित कसे ठरते? बिल आणि वॉरंटी यांत तत्त्वतः फरक काय?

हे सारे वाचून चळवळीतील एखादा ज्येष्ठ मित्र म्हणेल की ज्यांच्या घरात चोराने न्यावे असे काही आहे त्यांची ही दुखणी आहेत. ज्याला दारच नाही त्याने सेन्सर कोठे चिकटवावयाचा? या युक्तिवादात एक नैतिक धार आहे, आणि तिच्यामुळेच तो वर्षानुवर्षे बिनविरोध खपतो. परंतु हीच अट मिक्सरच्या कार्डावर आहे, मुलीच्या लग्नात दिलेल्या शिवणयंत्राच्या मोटारीवर आहे, भावाने बहिणीला भाऊबिजेला दिलेल्या मोबाइलवर आहे. गरीब घरात तर वस्तू बहुधा भेट म्हणून, किंवा कोणाच्या तरी नावावर हप्त्याने घेतलेली अशीच येते. बिलावरचे नाव एकाचे आणि वापरणारा दुसरा, ही श्रीमंताच्या घरातील अपवादात्मक आणि गरिबाच्या घरातील रोजची गोष्ट आहे. तेव्हा ‘मूळ खरेदीदार’ या दोन शब्दांचा फटका कोणाला अधिक बसतो, याचा हिशेब मांडूनच हा प्रश्न मध्यमवर्गाचा आहे असे म्हणावे.

शिवाय समाजवाद्यांना घरातील वस्तूंचे राजकारण वर्ज्य कधी होते? १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगारवस्तीत ‘अपना बाजार’ उभा राहिला. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी रस्त्यावर उतरल्या तेव्हा स्त्रियांच्या हातात लाटणी होती. तेल, रॉकेल, साखर यांच्या भावाचा प्रश्न स्वयंपाकघरात जन्मला म्हणून तो क्षुद्र ठरला नाही. उलट त्या लाटण्याने पुस्तकी ठरावांपेक्षा अधिक माणसे गोळा केली. पुढे ग्राहकाचा प्रश्न चळवळीच्या हातून सुटला. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी १९७५ पासून तो चिकाटीने धरून ठेवला, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण उत्पादन कोणाच्या मालकीचे आणि माहिती कोणाच्या मालकीची, हा त्यामागचा प्रश्न विचारण्याचे काम ज्यांचे होते ते दुसरीकडे पाहत राहिले.

‘नोंदणी’ हा शब्द तर कामगार चळवळीचाच. त्याच्यासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या. १९६९ च्या माथाडी कायद्याने पाठीवर पोती वाहणाऱ्याचे नाव मंडळाच्या वहीत चढले आणि त्याला पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा मिळू लागल्या. त्याच धर्तीवर महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला. प्रारंभी बृहन्मुंबई व ठाणे भागात मंडळ झाले, आणि इमारतीच्या दारात रात्र काढणाऱ्या माणसालाही नोंदीचा आधार मिळाला. तेथे नोंदणी म्हणजे मालकावर जबाबदारी बसविणे होते. वही दुबळ्याच्या बाजूने उघडत असे. वॉरंटीच्या अर्जात तीच वही उलटी धरली गेली आहे. नाव दुबळ्याचे चढते, तपशील दुबळ्याचा जातो, आणि जबाबदारी मात्र नाव न चढल्याच्या सबबीवर सुटते.

आणि त्या सुरक्षा रक्षकाचे आज काय चालले आहे? वसाहतींच्या सर्वसाधारण सभांत कॅमेऱ्यांचा ठराव येतो तेव्हा त्याच्या बाजूने एकच मुद्दा जोराने मांडला जातो, की रात्रीचा एक माणूस कमी करता येईल. कॅमेरा बोनस मागत नाही, आजारी पडत नाही. पडतो तेव्हा नोंदणी नसल्याचे कळते. रखवालदार रात्री दोनला म्हाताऱ्या गृहस्थाच्या छातीत कळ आली तर रिक्षा बोलावीत असे. या जमाखर्चात ती रिक्षा कोणी धरलेली नसते.

मागावयाचे काय, हे आता स्पष्ट आहे. वॉरंटी वस्तूबरोबर चालावी. वस्तू ज्याच्या हाती न्याय्य मार्गाने आली त्याचा तो हक्क असावा. अनुक्रमांक हाच पुरावा मानला जावा. नोंदणी ऐच्छिक असावी, आणि न केल्याने हक्क जात नाही हे कार्डावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापावे. मुदत वस्तू बसविल्याच्या दिवसापासून मोजावी. हे शेवटचे तर जुलै २०२४ मध्ये खुद्द केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने घरगुती उपकरणांच्या उत्पादकांना सुचविले आहे. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे, आणि सूचनेने कारखानदार हलल्याचा इतिहास नाही. कायद्यातही एक मोठे वैगुण्य आहे. २०१९ च्या कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही कल्पना आणली. पण असा करार रद्द ठरविण्याचा अधिकार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिला, जिल्हा आयोगाला दिला नाही. दोन हजारांच्या भोंग्यासाठी राज्य आयोगापर्यंत जाणारा ग्राहक कायदा लिहिणाऱ्यांनी कोठे पाहिला होता? हा अधिकार जिल्ह्याला मिळाला पाहिजे; आमदार-खासदारांकडे जाणाऱ्या निवेदनात हे कलम पहिले असावे.

तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. पक्षाच्या तालुका कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी ठेवता येईल. भेट मिळालेल्या वस्तूच्या बाबतीत देणाऱ्याकडून बिलाची प्रत घ्यावी, आणि ‘ही वस्तू मी अमुक यांना वापरण्यास दिली आहे’ असे दोन ओळींचे तारखेसह पत्र घ्यावे; कलम २(७) मधील ‘संमती’ हीच. अनुक्रमांकाचे आणि बसविलेल्या यंत्राचे छायाचित्र काढून ठेवावे. अर्ज भरावयाचाच झाला तर वापरणाऱ्याच्या नावाने भरावा आणि दुरुस्तीशी संबंध नसलेले रकाने मोकळे सोडावेत. अर्ज ते मोकळे घेत नसेल तर त्याचेही छायाचित्र काढावे; पुढे तोच पुरावा होईल. नकार फोनवर स्वीकारू नये, लेखी मागावा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि तेथे भागले नाही तर जिल्हा आयोगाकडे जावे. कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असो वा शेन्झेनला, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, ही २०१९ च्या कायद्याची मोठी देणगी आहे. वस्तू तपासण्याची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात रिकाम्या खुर्च्यांपायी तारखा लांबतात, आणि त्या खुर्च्या भराव्यात म्हणून आंदोलन करणे हेही याच कामाचा भाग आहे.

एका तालुक्यातून अशी वीस प्रकरणे एकाच वेळी, एकाच मसुद्याने दाखल झाली तर कंपनीच्या वकिलाला वीस वेळा यावे लागेल. तक्रारीला वकील लावण्याची सक्ती नाही, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.